दाढेची ‘नस मारणे’ म्हणजे नेमके काय?

कडाव (ता. कर्जत), प्रतिनिधी

दाढदुखी माणसाला बहुधा रात्रीच गाठते. त्यातून ती शनिवारची रात्र असेल आणि आपण कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कडावसारख्या गावी असू, तर उजाडेपर्यंतचा एकेक तास मोजावा लागतो. बाल दिगंबर गणेशाच्या मंदिरामुळे हे गाव भाविकांना ठाऊक आहे. अलीकडे आसपासच्या फार्महाऊसवर सुटीसाठी येणाऱ्या मुंबईकरांनाही ते परिचित झाले आहे. दाढेने ठणका धरला की गावकरी आणि पाहुणा यांची अवस्था एकसारखीच होते. कोणी लवंग आणून देतो, कोणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतो, कोणाच्या पाकिटात उरलेली अँटिबायोटिकची गोळी असते. सकाळी चर्चा सुरू होते ती दाढ काढून मोकळे व्हावे की नस मारून घ्यावी, याची.

‘नस मारणे’ हा आपल्याकडील बोलीतला शब्दप्रयोग ‘रूट कॅनॉल’ या उपचाराला चिकटला आहे आणि त्यानेच या उपचाराविषयीची निम्मी भीती निर्माण केली आहे. वास्तविक, ज्या दातावर हा उपचार करावा लागतो, त्याची नस बहुधा आधीच मेलेली असते किंवा मरणाच्या वाटेवर असते. दंतवैद्य ती काढून जागा स्वच्छ करतो, एवढेच.

दात वरून दगडासारखा दिसत असला, तरी तो पोकळ असतो. सर्वांत बाहेर एनॅमलचे कठीण कवच, त्याच्या आत डेंटिनचा थर आणि मध्यभागी दंतमज्जा. या दंतमज्जेत सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. दाताच्या मुळांतील बारीक नलिकांमधून त्या खाली उतरतात आणि मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून जबड्याच्या हाडात शिरतात. याच नलिकांना इंग्रजीत रूट कॅनॉल म्हणतात. उपचाराला त्यांचेच नाव मिळाले. पुढच्या दातांना साधारणपणे एक नलिका असते, उपदाढांना एक किंवा दोन, खालच्या दाढांना बहुधा तीन. वरच्या दाढांत अनेकदा चौथी नलिका दडलेली असते आणि ती सापडली नाही तर चांगला झालेला उपचारही पुढे फसू शकतो.

कीड एनॅमलमध्ये असते तोवर काही कळत नाही. ती डेंटिनपर्यंत आली की थंड पाणी, गोड पदार्थ लागून सणक येते. ती जंतूंसह दंतमज्जेजवळ पोहोचली की दंतमज्जेला सूज येते. शरीरात अन्यत्र सूज आली तर तो भाग फुगू शकतो. दंतमज्जेला ती मुभा नाही. चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा अडखळतो आणि मज्जातंतू आक्रोश करू लागतात. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्ताचा दाब किंचित वाढतो; दाढ रात्री अधिक ठणकण्याचे एक कारण हेच. उशा उंच करून अर्धवट बसून रात्र काढणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे शास्त्र माहीत नसले, तरी उपाय माहीत होता.

तेव्हा प्रत्येक दुखणाऱ्या दाताला रूट कॅनॉल लागतो काय? मुळीच नाही. येथे दुखण्याचा स्वभाव पाहावा लागतो. थंड पाण्याने सणक आली आणि पाणी गिळताच दोन-चार सेकंदांत ती थांबली, तर दंतमज्जा चिडलेली असली तरी बहुधा वाचण्याजोगी असते. कीड काढून दात भरला की ती पूर्ववत होऊ शकते. हिरड्या खाली सरकल्याने किंवा दात घासताना जोर लावल्याने मुळाचा भाग उघडा पडला असेल, तरीही अशीच सणक येते. तिचा रूट कॅनॉलशी संबंध नसतो. सुश्रुतसंहितेत ‘दंतहर्ष’ आणि ‘कृमिदंतक’ असे दोन वेगळे विकार नोंदलेले आहेत. पहिल्यात दाताला थंड वस्तू वा स्पर्श सहन होत नाही, दुसऱ्यात दात किडतो. हा फरक प्राचीन वैद्यांच्याही लक्षात आला होता, हे विशेष.

याउलट, थंड किंवा गरम लागल्यावर सुरू झालेली कळ कित्येक मिनिटे रेंगाळत असेल. काहीही न खाता-पिता दाढ आपोआप ठणकत असेल. झोपेतून जागे करत असेल. गरम चहाचा घोट नकोसा आणि गार पाण्याची गुळणी मात्र बरी वाटत असेल, तर दंतमज्जेची सूज परतीच्या पलीकडे गेल्याची ती खूण समजतात. कर्जत स्थानकावरचा गरम वडा दाढेखाली आला आणि डोळ्यांत पाणी उभे राहिले, तर दोष मिरचीला देण्यापूर्वी ही शक्यता ध्यानात घ्यावी.

यानंतरचा टप्पा सर्वांत फसवा. आठ-पंधरा दिवस जीव नकोसा करणारी दाढ एके दिवशी अचानक शांत होते. माणूस निःश्वास टाकतो, ‘गोळीने बरे वाटले’ असे सांगतो आणि दंतवैद्याकडे जाणे रद्द करतो. प्रत्यक्षात दंतमज्जा मेलेली असते आणि दुखणे सांगणारे मज्जातंतूच उरलेले नसतात. जंतू मात्र उरतात. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही आठवड्यांनी, महिन्यांनी, प्रसंगी वर्षांनी चावताना दाढ दुखू लागते, ती शेजारच्या दातांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते, हिरडीवर पुळी येते. पुळी फुटून पू वाहून गेला की पुन्हा बरे वाटते आणि पुन्हा दुर्लक्ष होते. दुखण्याचे थांबणे हे बरे होण्याचे लक्षण नसावे, अशा फार थोड्या आजारांपैकी हा एक आहे.

या साऱ्यामागे जंतूच आहेत, हे निर्विवाद सिद्ध करणारा प्रयोग १९६५ साली अमेरिकेत झाला. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड या संशोधकांनी उंदरांच्या दाढांना छिद्र पाडून दंतमज्जा उघडी केली. नेहमीच्या वातावरणातील उंदरांची दंतमज्जा सडली, गळवे झाली. संपूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत मात्र अन्नाचे कण अडकूनही दंतमज्जा जिवंत राहिली आणि छिद्रावर नवे कठीण आवरण तयार होऊ लागले. नलिका जंतुमुक्त करणे आणि नंतर जंतूंना आत येऊ न देणे हेच उपचाराचे सार आहे, ते या प्रयोगामुळे पक्के झाले.

निदान केवळ तोंडात डोकावून होत नाही. दंतवैद्य दातावर हलकेच ठोकून पाहतो, थंड बोळा लावून संवेदना तपासतो, काही वेळा सूक्ष्म विद्युतप्रवाहाचे यंत्र वापरतो आणि एक्स-रे काढतो. दुखणे कुठले हे रुग्णाला नेमके सांगता येईलच असे नाही. खालच्या दाढेची कळ कानात जाते. वरच्या दाढेचे दुखणे सायनसचे वाटते आणि सायनसचे दुखणे दाढेचे. एक्स-रेत मुळाशी काळसर डाग दिसला तर हाड झिजल्याचे समजते. परंतु हाडातील बरेच क्षार नाहीसे झाल्याखेरीज हा डाग दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे काही नाही’ असा निष्कर्ष घाईचा ठरतो. उलट, एकही तपासणी न करता ‘चार दातांचे रूट कॅनॉल करावे लागतील’ असे कोणी सांगितले, तर दुसऱ्या दंतवैद्याचे मत अवश्य घ्यावे. त्यात संकोच कसला?

प्रत्यक्ष उपचार कसा होतो?

प्रथम इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर केला जातो. यासाठी वापरले जाणारे लिग्नोकेन हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी तयार केले. रूट कॅनॉलच्या वेदनांच्या ज्या कथा घरोघरी सांगितल्या जातात, त्यांतील काही तर त्याआधीच्या काळातून चालत आलेल्या असाव्यात. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. खालची दाढ अत्यंत सुजलेली असेल तर भूल पुरेशी चढत नाही. अशा वेळी जास्तीचे किंवा वेगळ्या ठिकाणी इंजेक्शन द्यावे लागते. दुखत असल्यास रुग्णाने हात वर करून सांगावे. दात-ओठ खाऊन सहन करण्यात शौर्य नाही.

त्यानंतर दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवला जातो. यामुळे लाळेतील जंतू आत जात नाहीत आणि आतील औषधे व उपकरणे घशात जात नाहीत. अनेक ठिकाणी हा पडदा वापरला जात नाही, म्हणून रुग्णाने त्याची विचारणा करायला हरकत नाही. दाढेच्या माथ्यावर छिद्र पाडून दंतमज्जा काढली जाते. केसासारख्या बारीक कानशींनी, म्हणजे ‘फाईल्स’नी, नलिका घासून रुंद केल्या जातात. १८३८ साली अमेरिकेतील एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून असे पहिले उपकरण बनवले, अशी दंतवैद्यकाच्या इतिहासात नोंद आहे. पोलादी कानशी वाकड्या नलिकांत अडत असत. १९८८ साली हरमीत वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियम या लवचिक मिश्रधातूच्या फाईल्सवरील संशोधन प्रसिद्ध केले आणि पुढे यंत्राने फिरणाऱ्या फाईल्स आल्या. उपचाराचा वेळ कमी झाला तो यामुळे.

कानस नलिकेच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचत नाही. तेथे द्रावण पोहोचवावे लागते. कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये असते तेच सोडियम हायपोक्लोराइट दंतवैद्य योग्य प्रमाणात वापरतो. ते जंतू मारते आणि मेलेली दंतमज्जा विरघळवते. नलिका कोरड्या झाल्या की त्या ‘गट्टापर्चा’ने भरून बंद केल्या जातात. हा पदार्थ म्हणजे मलाया भागातील एका झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या तारांवर याच चिकाचे वेष्टण असे. १८७० साली एडनमार्गे मुंबईला इंग्लंडशी जोडणारी समुद्री तारही त्यानेच जपली होती. त्याच सुमारास दंतवैद्यांनी तो दाताच्या मुळांत भरायला सुरुवात केली. तारायंत्र इतिहासजमा झाले. दाढेतील गट्टापर्चा टिकून आहे. आजीबाईंच्या लवंगेचेही असेच. तिच्यातील युजेनॉल हे द्रव्य दंतवैद्यांच्या सिमेंटमध्ये आजही वापरले जाते. मात्र लवंगेचे तेल हिरडीवर थेट चोळल्यास ती भाजते, हे विसरू नये. दाढेजवळ अॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याची सवय तर याहून वाईट.

हा उपचार एका बैठकीत करावा की अनेक, याविषयी रुग्णांत बरेच गैरसमज आहेत. संसर्ग फारसा नसेल तर एका बैठकीतही तो होतो आणि त्याचे यश अनेक बैठकांच्या उपचाराएवढेच असल्याचे अभ्यासांत दिसते. पू वाहत असेल, सूज असेल, तर नलिकांत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध ठेवून रुग्णाला पुन्हा बोलावले जाते. कडावच्या रहिवाशाच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नाही. मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागूनच आहे. परंतु कर्जतहून तेथवर रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर अंतर आणि दोन तासांचा प्रवास पडतो. त्याआधी कडावहून कर्जत गाठायचे ते वेगळेच. चौकमार्गे पनवेलकडे गेल्यास कामोठे आणि खारघर येथे खासगी दंत महाविद्यालये आहेत. शिक्षणसंस्थांतील रुग्णालयांत शुल्क खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी असते, पण वेळ अधिक लागतो. रोजंदारीवर काम करणाऱ्याने तीन-चार खाडे करायचे म्हटले तर शुल्कातील बचत कोठल्या कोठे जाते. म्हणूनच पहिल्याच भेटीत ‘किती बैठका लागतील’ आणि ‘सांगितलेल्या रकमेत कॅप धरली आहे काय’, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

कॅप अर्थात दातावरील टोपी हा अनेकांना दंतवैद्याने लावलेला वरखर्च वाटतो. प्रस्तुत प्रतिनिधीचेही काही वर्षांपूर्वी असेच मत होते. दाढ दुखायची थांबली, तात्पुरते सिमेंट भरले गेले, आणि कॅपसाठी दिलेली तारीख बातम्यांच्या गडबडीत आज-उद्या करत लांबली. सहा महिन्यांनी भाजलेले चणे खाताना दाढ उभी चिरली. चीर मुळापर्यंत गेल्याने ती काढावी लागली. रूट कॅनॉलचा खर्च वाया गेला आणि दोष सर्वस्वी स्वतःचा होता. किडीने आणि उपचारासाठी केलेल्या छिद्राने दाढ पोखरलेली असते. चावण्याचा भार तिला पेलवत नाही. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनॉल केलेल्या १४ लाखांहून अधिक दातांच्या विमा-नोंदी तपासण्यात आल्या. आठ वर्षांनंतर ९७ टक्के दात तोंडात टिकून होते. जे काढावे लागले, त्यांतील सुमारे ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप बसवलेली नव्हती. पुढच्या दातांवर भार कमी पडत असल्याने, ते फारसे किडलेले नसतील तर केवळ भरूनही भागते.

मग दाढ काढूनच का टाकू नये? काही वेळा तेच योग्य असते. दाढ मुळापर्यंत चिरलेली असेल, हिरडीच्या विकाराने हलत असेल किंवा कॅपला आधार मिळेल एवढा भागच उरला नसेल, तर रूट कॅनॉलचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. वाकडी उगवलेली अक्कलदाढही बहुधा काढलीच जाते. परंतु चांगली दाढ केवळ स्वस्तात सुटका म्हणून काढली, तर शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरची दाढ जोडीदार नसल्याने जागा सोडू लागते आणि पुढे ब्रिज किंवा इम्प्लांट करायचे ठरले तर त्याचा खर्च बहुधा रूट कॅनॉलहून अधिक येतो. निवड रुग्णाची, पण हिशेब पुढचा धरून करावा. ‘वरची दाढ काढली की डोळा अधू होतो’ ही समजूत मात्र निराधार आहे.

रूट कॅनॉलमुळे शरीरात विष पसरते, कर्करोग होतो, असे संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरतात. त्यांचे मूळ शंभर वर्षांपूर्वीचे आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात, दातांतील संसर्ग शरीरभर रोग पसरवतो, असा आरोप केला. पुढे वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने रूट कॅनॉल केलेल्या दातांवर ठपका ठेवला. परिणामी काही दशके असंख्य निरोगी माणसांचे दात उपटले गेले. त्यांचे आजार काही बरे झाले नाहीत आणि प्राइस यांचे प्रयोग पुढच्या संशोधकांच्या कसोटीला उतरले नाहीत. हाच दावा करणारा एक चित्रपट नेटफ्लिक्सने २०१९ साली आपल्या यादीतून काढून टाकला.

खरा धोका उपचार न करण्यात आहे. गालावर वा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडता न येणे, गिळताना त्रास किंवा श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसले तर सोमवारची वाट पाहू नये. थेट रुग्णालय गाठावे. जबड्याखाली पसरणारा संसर्ग श्वासमार्ग बंद करू शकतो. मधुमेही रुग्णांत तो विशेष वेगाने वाढतो. तेथे अँटिबायोटिक आवश्यकच असते. मात्र नुसत्या ठणक्यावर ते घेण्यात हशील नाही. मेलेल्या दंतमज्जेत रक्तपुरवठाच नसल्याने औषध तेथे पोहोचत नाही. सूज किंवा ताप नसताना दाढदुखीसाठी अँटिबायोटिक देऊ नये, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. रात्र काढण्यासाठी वेदनाशामक गोळी चालते. पण पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गर्भावस्था असल्यास ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गालावर गरम शेक देऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःहून बंद करू नयेत आणि हृदयात कृत्रिम झडप असल्यास दंतवैद्याला आधीच सांगावे.

गेल्या काही वर्षांत एक नवा पर्याय पुढे आला आहे. दंतमज्जेचा वरचा सुजलेला भाग तेवढा काढून मुळांतील जिवंत भागावर विशिष्ट सिमेंट ठेवायचे आणि संपूर्ण रूट कॅनॉल टाळायचा. लहान मुलांच्या दातांत ही पद्धत जुनीच आहे. प्रौढांच्या दाढांतही तिचे निष्कर्ष आशादायक दिसत आहेत. ती प्रत्येक दाढेस लागू पडत नाही आणि दंतमज्जा पूर्ण मेल्यावर तर नाहीच. तेव्हा तिचा लाभ घ्यायचा तर दाढ शांत होण्यापूर्वी, दुखत असतानाच जावे लागते.

मुलांचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक. कडावच्या शेतांत कापणीनंतर क्रिकेट रंगते आणि सुटीला आलेली शहरातील मुलेही त्यात उतरतात. चेंडू लागून पुढचा कायमचा दात मुळासकट निखळला, तर तो मुळाला हात न लावता माथ्याकडून उचलावा, मळला असल्यास क्षणभर स्वच्छ पाण्याखाली धरावा आणि जमल्यास लगेच त्याच जागी बसवावा. न जमल्यास दुधात बुडवून दंतवैद्याकडे न्यावा. तासाभरात पोहोचल्यास तो रुजण्याची शक्यता बरीच असते. मूळ पूर्ण वाढलेले असेल तर अशा दाताला पुढे दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल करावा लागतो. दुधाचा दात पडला असेल तर मात्र तो परत बसवू नये. खालच्या पक्क्या दाताला इजा होते.